दीपमाळ सात मीटर की आठ?

दिवाळीच्या सुट्टीत, साडेअकराच्या उन्हात आम्ही देवळासमोरच्या दीपमाळेची सावली मोजत होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या गल्लीतली दहावीची पाच मुलं. ही मुलं संध्याकाळी माझ्या ओट्यावर गणिताला येतात, फी वगैरे काही नाही, मला गणित आवडतं आणि त्यांना शिकायचंय एवढाच व्यवहार. त्रिकोणमिती सुरू झाली होती आणि 'उन्नत कोन' (वरची वस्तू बघताना नजर आडव्या रेषेपासून जेवढी वर उचलते तो कोन) हा शब्द दिसला की पाचही जणं आधी वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली सूत्रं उघडायची, आकृती कुणीच काढायचं नाही. म्हणून म्हटलं चला, आज वही मिटून ठेवा, देवळात जाऊ.

पहिली पद्धत सावलीची. एक मीटरची काठी कापून नेली होती, ती जमिनीवर सरळ उभी आहे की नाही ते बघायला बाबांचा ओळंबा नेला (बाबा गवंडी होते, त्यांचा ओळंबा आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, मी अजून जपून ठेवलाय). काठीची सावली आली ७५ सेंटिमीटर. लगेच, वेळ न घालवता, दीपमाळेची सावली जोत्याच्या कडेपासून टोकापर्यंत मोजली, ती सव्वापाच मीटर. लगेच का, तर सूर्य थांबत नाही, चहा पिऊन येऊन मोजली तर काठीची सावली एका वेळची आणि दीपमाळेची दुसऱ्या वेळची, मग दोन त्रिकोण समरूप राहतच नाहीत. गणित सोपं, ५.२५ भागिले ०.७५, उंची ७ मीटर. मुलं खूश.

दुसरी पद्धत कोनाची. कंपासपेटीतला कोनमापक घ्यायचा, त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायचा, मध्यबिंदूतून दोरा सोडून खाली एक नट बांधायचा. स्ट्रॉमधून शेंडा बघायचा आणि दोरा कुठे आला ते दुसऱ्याने वाचायचं. जोत्यापासून १० मीटर मागे उभं राहून एका मुलाने बघितलं, मैत्रिणीने वाचलं ५७. त्याने सरळ टॅन ५७ लावला (टॅन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू), आलं १.५४, गुणिले १०, वर डोळ्याची उंची १.४ मीटर, म्हणजे जवळपास १७ मीटर! तो ते लिहून मोकळा झाला होता. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं, मान वर करून बघ. १७ मीटर म्हणजे पाच मजली इमारत झाली की. मग त्याच्याच लक्षात आलं की कोन ४५ चा असता तर टॅन १ असतो, म्हणजे जेवढे आपण लांब तेवढीच वस्तू डोळ्याच्या वर उंच, आणि इथे तर दीपमाळ स्पष्टच तेवढी उंच दिसत नाहीये, मग कोन ४५ पेक्षा कमीच पाहिजे. स्ट्रॉ आडवा धरला की दोरा ९० वर असतो, म्हणून ९० मधून ५७ वजा, खरा कोन ३३.

टॅन ३३ मोबाइलवर काढायला गेले तर एकाच्या फोनवर उणे ७५ आलं. कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर होता. आधी बघून घ्या बाबांनो, डिग्रीवर आहे ना, टॅन ४५ टाकायचा आणि १ येतो का बघायचं, दोन सेकंदांचं काम आहे. डिग्रीवर केल्यावर आलं ०.६४९. गुणिले १० म्हणजे ६.४९, अधिक १.४, म्हणजे ७.९ मीटर.

आता झाली ना पंचाईत. सावली म्हणते ७, कोन म्हणतो ७.९. एकच दीपमाळ, दोन उंच्या, आणि फरक जवळजवळ एक मीटरचा. मोजण्यात एवढी चूक होत नाही. मुलांनी पुन्हा काठी लावली, पुन्हा कोन घेतला, तेच आकडे. अर्धा तास तिथेच गेला आणि मला वाटतं त्या अर्ध्या तासात ती जेवढं शिकली तेवढं आख्ख्या महिन्यात शिकली नव्हती.

शेवटी एका मुलीने मातीत काडीने आकृती काढली. नेहमीचा काटकोन त्रिकोण काढला, उभी रेघ म्हणजे दीपमाळ, आडवी रेघ म्हणजे सावली, आणि रेघ काढता काढता थांबली. म्हणाली, काकू, ही उभी रेघ तर दीपमाळेच्या मधोमध आहे, शेंडा मधोमध आहे ना, आणि आपण सावली मोजली ती जोत्याच्या कडेपासून. बस! एवढंच होतं. दीपमाळ म्हणजे काही खांब नाही, खाली चांगली रुंद असते. शेंड्याच्या बरोबर खालचा बिंदू दगडांच्या आत, तिथे टेप जातच नाही. मग आत जायचं कसं? जोतं गोल आहे, दोरी गुंडाळली, परीघ आला ९.४ मीटर, भागिले दोन पाय (२π) म्हणजे ६.२८, त्रिज्या दीड मीटर. वर्तुळाचा धडा असा इथे मदतीला आला.

आता सावली ५.२५ अधिक १.५ म्हणजे ६.७५, भागिले ०.७५, बरोबर ९ मीटर. कोनाचं अंतर १० नाही, ११.५, गुणिले ०.६४९ म्हणजे ७.४६, अधिक १.४, जवळपास ८.९. नऊ आणि आठ पूर्णांक नऊ! तिथे जो आरडाओरडा झाला तो ऐकून पुजारीकाका बाहेर आले.

मला तेव्हापासून हेच परत परत सांगावंसं वाटतं की प्रश्न वाचला की हात आधी आकृतीकडे गेला पाहिजे, सूत्राकडे नाही. मोजमापं सगळी बरोबर होती, सूत्रं बरोबर होती, टॅन बरोबर होता, चुकलं होतं ते चित्र. पुस्तकातल्या उदाहरणांत झाड म्हणजे एक रेघ, इमारत म्हणजे एक रेघ, म्हणून मुलांना वाटतं की आकृती म्हणजे नुसती दोन मार्कांसाठीची सजावट. कच्ची आकृती काढताना मी मुलांना तीनच प्रश्न विचारते, काटकोन कुठे आहे, माहीत काय आहे ते कुठल्या बाजूवर लिहिलंस, आणि विचारलंय काय. तिसरं लिहायला मुलं हमखास विसरतात, मग कर्ण काढून उत्तर म्हणून लिहून येतात आणि विचारलेली असते उंची.

३०, ४५, ६० चा तक्ता पाठ करण्याबद्दलही माझं असंच आहे. पाठ करा, माझी ना नाही, परीक्षेत वेळ वाचतो. पण तो तक्ता दोन कागदांतून निघतो हे एकदा बघा. चौरस कागद कर्णावर घडी घाला, बाजू १ आणि १, कर्ण √२, झाले ४५ चे सगळे. समभुज त्रिकोण कापा, बाजू २ धरा, मधोमध घडी घाला, पाया १ राहिला, कर्ण २, उभी बाजू √३. त्यात ३० पण आहे आणि ६० पण आहे. ३० च्या समोरची बाजू १ आणि कर्ण २, म्हणून साइन ३० म्हणजे अर्धा. परीक्षेत गडबडून गेलं तरी हा त्रिकोण कोपऱ्यात काढायला दहा सेकंद लागतात, आणि मग साइन ६० की कॉस ६० हा घोळ होतच नाही.

आणि हा 'साइन' शब्द आपलाच आहे हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. वर्तुळाच्या धड्यात आपण 'जीवा' म्हणतो ना, ती मूळची धनुष्याची दोरी, ज्या किंवा जीवा. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये अर्ध्या जीवांचं कोष्टक दिलं, पावणेचार पावणेचार अंशांनी वाढणाऱ्या कोनांच्या २४ किमती. तो शब्द अरबीत गेला तो 'जीबा' म्हणून, तिथे स्वर न लिहिल्यामुळे पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, ज्याचा अर्थ कपड्याची घडी, आणि लॅटिनमध्ये भाषांतर करताना त्या अर्थाचा शब्द घेतला, सायनस. म्हणजे दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात एका धड्यात जीवा आहे आणि पुढच्या एका धड्यात साइन, आणि दोन्ही एकच शब्द, एक घरी राहिलेला आणि एक जग फिरून आलेला.

बाबांचा गुण्या काढला की मला पायथागोरस आठवतो. पायाची आखणी करताना बाबा फक्की टाकायच्या आधी दोरी ताणायचे, कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि तिरकं माप पाच फूट आलं की म्हणायचे, गुण्यात आहे. नसेल तर दोरी सरकवायची. मोठं घर असेल तर सहा-आठ-दहा घ्यायचे, कारण छोट्या त्रिकोणात अर्ध्या बोटाची चूक राहिली तर तीस फूट लांब भिंतीच्या टोकाला ती पाच बोटांची होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मी दहावीत असताना हे प्रमेय सिद्धतेसकट पाठ केलं होतं, पण बाबा वापरतात तो त्याचा व्यत्यास आहे हे मला फार उशिरा समजलं. प्रमेय म्हणतं काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळेल. बाबांचं काम उलटं, बेरीज जुळवून काटकोन मिळवायचा. व्यत्यास हा शब्द मुलांना जड जातो, पण ओट्याच्या कोपऱ्याला तीन-चार-पाच लावून दाखवलं की परत विचारावं लागत नाही.

आता वर्गसमीकरण. भूमितीला घाबरणारी मुलं वेगळी आणि क्ष² ला घाबरणारी वेगळी, असं मला वाटायचं, पण भीतीचं मूळ एकच आहे, चित्र दिसत नाही. म्हणून मी वर्गसमीकरणाची सुरुवात अवयवांनी करतच नाही, शेळ्यांच्या वाड्याने करते.

घराच्या भिंतीला लागून शेळ्यांसाठी आयताकृती वाडा करायचाय, तारेची जाळी आहे ४० मीटर, भिंतीच्या बाजूला जाळी लागणार नाही. वाडा भिंतीपासून किती मीटर पुढे घ्यायचा? पुढे येणाऱ्या दोन बाजू क्ष आणि क्ष, उरलेली भिंतीला समांतर बाजू ४० वजा २क्ष, क्षेत्रफळ क्ष(४० − २क्ष). सूत्रबित्र काही नाही, मुलांना म्हणते क्ष ला किमती द्या आणि लिहीत जा. ५ ला १५०, ८ ला १९२, ९ ला १९८, १० ला २००, ११ ला परत १९८, १२ ला १९२, १५ ला १५०. इथे कुणीतरी ओरडतंच, काकू हे तर उलटं परत येतंय! आलेख काढला की डोंगर दिसतो, शेंडा १० वर, आणि दोन्ही बाजूंचे उतार आरशात बघावे तसे सारखे.

आणि ह्या एका डोंगरात विवेचकाचा, म्हणजे समीकरणाला किती मुळं (उत्तरं) आहेत ते सांगणाऱ्या b² − 4ac चा, सगळा धडा आहे. वाडा १५० चौरस मीटरचा हवा? आलेखावर १५० च्या उंचीवर आडवी रेघ मारा, ती डोंगराला दोन ठिकाणी कापते, ५ आणि १५. दोन मुळं, आणि दोन्ही खरी! मुलांना सवय लागलेली असते की एक मूळ टाकून द्यायचं, इथे टाकायचं काहीच नाही, एक वाडा लांब आणि अरुंद, दुसरा भिंतीपासून बराच पुढे आलेला. २०० हवा? रेघ नुसती शेंड्याला टेकते, क्ष² − २०क्ष + १०० = ०, विवेचक शून्य, एकच उत्तर. २१० हवा? रेघ डोंगराच्या वरून जाते. समीकरण मांडून बघा, क्ष² − २०क्ष + १०५ = ०, विवेचक ४०० वजा ४२०, उणे २०. 'वास्तव मुळे नाहीत' हे वाक्य आपण कितीदा लिहिलं असेल, त्याचा अर्थ इथे एवढाच की ४० मीटर जाळीत एवढा मोठा वाडा होत नाही. ज्या मुलीने मातीत आकृती काढली होती तिने हे ऐकून वहीत रेघेखाली लिहिलं, "जाळी पुरत नाही". मी त्याला पूर्ण मार्क दिले.

ऋण मूळ आलं तर नुसतं खोडू नका हे मात्र मी रागवून सांगते. 'लांबी ऋण नसते म्हणून हे मूळ ग्राह्य नाही' ही एक ओळ लिहायचीच. आणि क्ष² = ७क्ष आलं की दोन्हीकडून क्ष काढून टाकायचा नाही, शून्य हे उत्तर त्यातच हरवतं. ह्या दोन चुका मला दरवर्षी दिसतात.

अवयव पडत नसले की पूर्ण वर्ग पद्धतीत अपूर्णांक येतात आणि मुलं वैतागतात. त्यावर जुने गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती मला फार आवडते, ती बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांनी आपल्या 'बीजगणित' ह्या ग्रंथात श्रीधराचार्यांच्या नावानिशी दिली आहे. दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या (क्ष² च्या आधीच्या आकड्याच्या) चौपटीने गुणायचं आणि मग क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. २क्ष² + ५क्ष = ३ घ्या. चौपट म्हणजे ८ ने गुणा, १६क्ष² + ४०क्ष = २४. दोन्हीकडे २५ मिळवा, डावीकडे (४क्ष + ५)², उजवीकडे ४९. मग ४क्ष + ५ म्हणजे ७ किंवा उणे ७, क्ष अर्धा किंवा उणे ३. शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक नाही! पुस्तकातलं सूत्र ह्याच वाटेने निघतं, एकदा अक्षरं घेऊन करून बघा, सूत्र परत विसरणार नाही.

भास्कराचार्यांचा विषय निघाला की मला थांबवत नाही, कारण आम्ही चाळीसगाव तालुक्यातले. पाटणादेवीला आम्ही लहानपणापासून जातो, पण तिथल्या पाटण गावी १२०७ सालचा शिलालेख सापडला आणि त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचं कोरलंय, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आपल्या घरापासून तासाभराच्या आत आठशे वर्षांपूर्वी मुलं बसून हीच गणितं करत असणार, हे मनात आलं की ओट्यावरची माझी पाच मुलं मला वेगळीच दिसतात.

भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ, लीलावती, ११५० चा. त्यातलं मोराचं गणित मुलांना सगळ्यात आवडलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या पायाशी सापाचं बीळ आहे, खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून म्हणजे २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरका झेप घेतो, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती अंतरावर मोर सापाला गाठेल? आकृती काढा. बिळापासून क्ष हातांवर गाठला तर साप २७ − क्ष चालला, मोरही तेवढंच उडाला, आणि मोराचं उडणं म्हणजे कर्ण. ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². उजवीकडे कंस सोडवला की ७२९ − ५४क्ष + क्ष², दोन्हीकडचा क्ष² गेला! ५४क्ष = ६४८, क्ष = १२. एका मुलाने मग कर्ण काढला, १५, आणि म्हणाला काकू, ९-१२-१५, हे तर तुमच्या बाबांचं तीन-चार-पाचच आहे, तीनपट. मला क्षणभर बोलताच आलं नाही.

भुंग्यांचं पण आहे त्यात. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीवर गेले, आठ-नवमांशही उडाले, उरली कमळात अडकलेल्या भुंग्याला साद घालणारी भुंगी आणि तो आत अडकलेला, असे दोन. इथे आकृती उपयोगी नाही, इथे नाव काय ठेवायचं हे महत्त्वाचं. एकूण क्ष धरले तर वर्गमूळ छळतं, एकूण २क्ष² धरले तर निम्म्याचं वर्गमूळ सरळ क्ष. मग क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष², म्हणजे २क्ष² − ९क्ष − १८ = ०, (२क्ष + ३)(क्ष − ६) = ०, क्ष = ६, भुंगे ७२. ताळा करा, ६ आणि ६४ आणि २. बरोबर ७२.

पुढच्या रविवारी टेप, काठी आणि स्ट्रॉ लावलेला कोनमापक घेऊन आम्ही पाटणादेवीला जाणार आहोत, मुलांनीच ठरवलंय. तोपर्यंत एक गणित त्यांना दिलंय, तेच तुम्हाला पण देते. सपाट जमिनीवर ३२ हात उंच बांबू वाऱ्याने एका ठिकाणी मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं, तर तो जमिनीपासून किती हातांवर मोडला? आधी आकृती काढा, मोडलेला तुकडा आकृतीत कुठली बाजू आहे ते लिहा, आणि १२ आलं की मला कळवा.